निरोप न सांगणारी बाई

ती मला आवडत नव्हती, हे आधीच लिहून टाकते. माणूस गेलं की त्याच्याबद्दल सगळे गोड बोलतात. तिच्या दहाव्याला गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी मागच्या दारी चहाची भांडी घासत होते. एकीनं येऊन विचारलं, "तुमच्या डोळ्यात पाणी नाय आलं व्हय?"

मी म्हटलं, "पाणी हाय कुठं? टँकर परवा येणार."

गल्लीत तिला ऑपरेटरबाई म्हणायचे. टेलिफोनच्या कचेरीत ट्रंक कॉल जोडून देण्यात तिची सारी नोकरी गेली. तोंडावर मी तिला "अहो बाई" म्हणायचे, मनात "अगं". इथं मनातलंच लिहिते.

आमचं घर बायपासच्या पलीकडं, साताऱ्याच्या डोंगराच्या अंगाला. हा सातारा आमच्या शहराला लागूनचा, जिल्ह्याचा नव्हे. आम्ही मूळचे सिल्लोडकडचे. मालक वाळूजला कंपनीत लागले म्हणून शहरात आलो आणि इथं पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. तेव्हा समोर ज्वारी उभी असायची. मग तिथं प्लॉट पडले, प्लॉटवर घरं आली, घरांच्या मागं इमारती आल्या. माणसं वाढत गेली आणि पाणी खाली खाली गेलं. दुष्काळाची ती वर्षं लागोपाठ आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बोअरमधून नुसता वारा यायचा.

समोरच्या प्लॉटवर तिनं निवृत्तीनंतर स्लॅबचं घर बांधलं. एकटीच. लग्न केलेलं नव्हतं. तिचा आजा निजामाच्या कचेरीत कारकून होता, हे ती हंडा उचलतानासुद्धा सांगायची. माझी शाळा चौथीपर्यंत. ती त्यावरून मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडायला काहीतरी हातात आलं असतं.

तिच्याकडं दोन फोन होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे. कारण एका कंपनीची रेंज तिच्या पुढच्या खोलीत यायची आणि दुसरीची मोरीजवळ. दोन्ही फोनच्या पाठीवर तिनं दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली. मला वाटलं फुटलेत. विचारलं तर म्हणाली, "फुटले नाहीत हो वहिनी. तिथं बनवणाऱ्याचं नाव आहे. पैसे मी दिले. त्याची जाहिरात मी कशाला करत फिरू? मला काय त्यानं नोकरीवर ठेवलंय?"

"मग साडीच्या काठावर पण छापलेलं असतं नाव."

"ते मी पहिल्या धुण्याआधी कापून टाकते," ती म्हणाली. आणि खरंच कापायची.

तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. फोन आपला नसतो. अर्धा बनवणाऱ्याचा, अर्धा सिमवाल्याचा. आपण नुसता उचलून फिरवतो. गल्लीतलं कुणी नवा फोन घेतला की पेढा देण्याआधी तिला दाखवायला जायचं. ती तो हातात घ्यायची आणि पहिलं विचारायची, "यातलं काढता न येणारं काय काय आहे?"

एकदा मी तिच्याबरोबर औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले होते. हौसेनं नाही. शेअर रिक्षात एकच जागा होती, ती तिच्या शेजारी. मला स्टोव्हच्या वाती घ्यायच्या होत्या, पण ती मला ओढत मोबाइलच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार तिला लांबून बघूनच पोराबाळांसारखा हसला आणि आतल्या माणसाला म्हणाला, "बाई आ गई रे, नए डिब्बे अंदर रख."

ती म्हणाली, "ठेव, ठेव. मी आत येऊन बघते."

भाचीसाठी तिला फोन घ्यायचा होता. त्यानं एक उघडून दिला. तिनं चष्मा लावला आणि एकेका चित्रावर बोट दाबून धरायला लागली. काही चित्रं निघत होती, काही हलायलाच तयार नव्हती. खेळ, बातम्या, बाजार, कुठलं कुठलं.

"हे काय आहे?"

"वो फ्री का है बाई. कंपनी ने डाल के दिया."

"असं बघ," ती म्हणाली. "मी घर विकत घेतलं. कुलूप उघडून आत गेले तर आत आधीच पाच भाडेकरू बसलेले. भाडं देत नाहीत, पाणी माझं वापरतात, जा म्हटलं तर जात नाहीत. आणि घर विकणारा मला सांगतो, बाई, हे फुकट मिळालेत तुम्हाला."

दुकानदारानं फोन हातात घेऊन मोजलं. "पाँच नहीं बाई, ग्यारह हैं."

सगळं दुकान हसलं. मीपण हसले असते. पण बाकीचे ज्या नजरेनं तिच्याकडं बघत होते ना, ती नजर मला सहन होत नव्हती. माझ्याकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "चला आता, वातीचं दुकान बंद हुईल." ते काही बंद होणार नव्हतं. दुपारचे बारा वाजले होते.

सिमवाल्यांशी तिची वेगळी लढाई चालायची. एकदा कंपनीनं तिला न विचारताच तिच्या नंबरावर कुठलंसं गाणं लावलं. तिला फोन केला की घंटीऐवजी एक बाई कमरेत मुरडून गातेय असं वाटायचं. आणि त्याचे पैसेपण कापले. तिनं कंपनीला फोन लावला. आधी रेकॉर्डवरची बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. ही तिलाच उत्तरं द्यायची. "दाबलं बाई, दाबलं. तुझा घसा दुखत नाही का?" मग खरी मुलगी आली की हिचा पहिला प्रश्न, "जेवलीस का?" ती मुलगी गडबडायची. मग ही म्हणायची, "तू वाईट नाहीस. तुझ्या हातात काही नाही, मला माहीत आहे. मीपण अशाच खुर्चीत बसले आहे. ज्याच्या हातात आहे त्याला जोडून दे." मग तास, दीड तास. तक्रारीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशीचा त्या चौकटीत. गल्लीतल्या बायका भाजी निवडायला तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, हे ऐकायला मिळावं म्हणून. माझ्या ओट्यावर सावली जास्त होती. तरी.

चौथ्या दिवशी गाणं निघालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दार लावून घेतलं.

आता तिच्या गच्चीचं सांगते. आमच्या मागं एक सहामजली इमारत उभी राहायला लागली आणि गल्लीतली रेंज गेली. घरात फोन म्हणजे बहुतेक वेळ नुसतं घड्याळ, मेसेज तेवढे रखडत यायचे. पण तिच्या गच्चीवर दोन ठिकाणी रेंज सापडायची. तिनं खडूनं तिथं दोन फुल्या मारल्या, दोन कंपन्यांच्या दोन. इमारतीचा मजला वाढला की फुली सरकायची. ती रोज सकाळी गच्चीवर फोन हातात धरून, देवाला प्रदक्षिणा घातल्यासारखी फिरायची, आणि जुनी फुली पायानं पुसून नवी मारायची. बायका लेकीबाळींना फोन करायला तिचा जिना चढायच्या. माझ्या घराला पत्रे. मला गच्ची नाही. म्हणजे माझ्या लेकीशी बोलायला मला तिच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं.

एकदा गेले. पण तिच्या फुलीवर पाय ठेवायचा नाही असं ठरवून गेले. वीतभर अलीकडं उभी राहिले. लेकीचं एक वाक्य पूर्ण ऐकू येईना. बाई खालून ओरडली, "वहिनी, फुलीवर! फुलीवर उभ्या राहा!"

"मला इथनं लागतंय!" मी ओरडले. आणि फोन कट झाला.

तिच्या वेडाचा गाभा वेगळाच होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्या नोकरीत एक शिस्त होती. ऑपरेटरनं लाइन जोडायची. मध्ये काही कानावर पडलं तर ते तिसऱ्याला सांगायचं नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं माणूस गेलं, सगळं तिच्या कानावरून जायचं. ती सांगायची, एकदा तिनं जालन्याच्या दवाखान्याचा कॉल जोडला तो तिच्या स्वतःच्या घरीच जायचा होता. जोडताना कानावर पडलं, वडील गेले. तिनं लाइन नीट लागली का बघितलं, पुढचे कॉल घेतले, पाळी संपवली, घरी गेली. "आईनं सांगितलं, तेव्हा रडले," ती म्हणायची. "निरोप जोडायचा असतो वहिनी. सांगायचा नसतो." आणि हे अशा थाटात सांगायची, जणू कुणी तिला सत्काराची शाल पांघरली होती.

मी म्हटलं, "मी असते तर खुर्ची टाकून पळाले असते."

"म्हणून तुम्ही ऑपरेटर झाला नाहीत," ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही. पण मला लागलं.

आता माझी लेक. एकच. पुण्यात नोकरी करते. जावई तेव्हा कामाला मस्कतला होता. मालक गेल्यावर लेकीनं मला फोन आणून दिला, मोठ्या काचेचा, गुलाबी कव्हरचा. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, लागला तर. बाकी दिवशी ती बोलून पाठवायची. हिरव्या चित्रावर बोट ठेवलं की तिचा आवाज यायचा. घंटी वाजली की मी उघडायचे. घंटी वाजली नाही तर मी कशाला उघडू?

दिवाळीला लेक आली तर एक सबंध दुपार समोरच्या घरात. हसण्याचा आवाज माझ्या चुलीपर्यंत. संध्याकाळी घरी येऊन म्हणते, "मावशींकडून किती शिकण्यासारखं आहे गं आई."

"कोण मावशी?"

"ऑपरेटरबाई."

"मला बहीण नाय. ही मावशी कुठनं उगवली?" मी म्हटलं. "आणि शिकायला माझ्यापाशी काय कमी हाय?"

"तुझ्याकडून शिकले की. भांडायला." ती हसली. मी नाही.

त्यानंतर हळूहळू लेकीचा फोन कमी झाला. निदान मला तसं वाटलं. आणि दुसरीकडं समोरची बाई दर दोन-चार दिवसांनी माझ्या दारात उभी. "वहिनी, लेकीला फोन लावा." एवढंच. का, कशाला, काही नाही. म्हणजे माझी लेक हिच्याशी बोलते, आणि ही मला हुकूम सोडते. मला कसं व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपलं पातेलं सापडल्यावर व्हावं तसं.

त्यातच टँकरचं झालं. टँकर कधी येणार ते टँकरवाला तिला कळवायचा आणि ती सगळ्या गल्लीला एकदम मेसेज टाकायची. सगळ्यांच्या फोनची घंटी वाजायची. माझी नाही. मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा बाहेर येऊन बघते तर शेवटचा हंडा भरला जातोय आणि रस्त्यावर ओल. दुसऱ्या वेळी मी सगळ्यांसमोर तिला धरली.

"बाई, तुम्ही माझं नाव काढून टाकलंय."

"नाही हो. हे बघा, तुमचं नाव आहे." तिनं पट्टीवाला फोन माझ्यापुढं धरला.

"मग माझ्याकडं घंटी का वाजत नाय?"

"तुमचा फोन द्या. बघते."

"लेकीनं दिलाय त्यो मला. मी कुणाच्या हातात देत नसते."

कुणीतरी फिसकन हसलं. ती म्हणाली, "मग मला बोलण्याआधी बनवणाऱ्याला बोला. त्यानं काहीतरी करून ठेवलंय."

"बनवणारा चीनमधी बसलाय. तुम्ही समोर हायेत," मी म्हटलं. यावर मात्र सगळेच हसले. तीसुद्धा.

बनवणाऱ्यानं काय करून ठेवलं होतं ते मला फार पुढं कळलं. बॅटरी दोन दिवस टिकते अशी जाहिरात करायची, म्हणून फोनला आतून शिकवलेलं की ज्या चित्राला मालकीणबाई घटकाभर हात लावणार नाही त्याला झोपवून टाक. मी बोट लावत नव्हते म्हणून त्यानं माझ्या मेसेजला झोपवलं. तो झोपला म्हणून घंटी वाजत नव्हती. घंटी वाजत नव्हती म्हणून मी बोट लावत नव्हते. आणि साधा फोन करावा तर इमारतीनं रेंज खाल्लेली, फोन करणाऱ्याला ऐकू येणार, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बनवणाऱ्यानं एक दार लावलं, सिमवाल्यानं दुसरं. मी मधल्या खोलीत बसून समोरच्या बाईला शिव्या देत होते.

पुढं तिनं माझ्या फोनमधली ती झोप काढली. पण कंपनीकडून दर काही महिन्यांनी सुधारणा म्हणून काहीतरी यायचं आणि सगळं परत होतं तसं व्हायचं. की मला पुन्हा रस्ता ओलांडून तिच्याकडं. आम्हा दोघींना बोलतं ठेवायचं काम त्या कंपनीनं जेवढं केलं तेवढं गल्लीतल्या कुणी केलं नाही. आता ती नाही. मी माझं मीच करते, शिव्या देत.

पण हे नंतरचं. आधी तो आठवडा.

गुरुवारी ती दारात आली. "वहिनी, लेकीला फोन लावा. आजच."

मी धुणं पिळत होते. "माझ्या लेकीला कधी फोन लावायचा ते मला कळतंय."

"आजच लावा," ती म्हणाली. तोंड उघडलं, मिटलं, गेली.

शनिवारी परत आली. तेच. त्या दिवशी मी मान वर करूनही बघितलं नाही.

रविवारी मी न्याहारी न करता फोन समोर ठेवून बसले. लेकीचा फोन यायचा वार. नऊ वाजले, दहा वाजले. मी लावून बघितला, लागला नाही. समोर गच्चीवर जाऊन उभं राहिले असते तर लागला असता. गेले नाही. आणि मग खिडकीतून बघते तर ती गच्चीवर, फुलीवर उभी, फोन कानाला. वाऱ्यावर माझ्या लेकीचं नाव ऐकू आलं. ही म्हणत होती, "हो गं बाळा. हो. मी आहे ना."

माझ्या रविवारचा फोन हिच्याकडं गेला होता.

ती जिना उतरली आणि सरळ माझ्या दाराकडं आली. चप्पलसुद्धा घातलेली नव्हती. "वहिनी, आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीच आहे," ती लांबूनच म्हणाली.

मी दार लावलं आणि कडी घातली. ती दोनदा वाजवून गेली. मी रेडिओ मोठा केला.

दुपारी ती हातात पिशवी घेऊन रिक्षात बसताना दिसली. म्हटलं जात असेल भाचीकडं. जाईना का कायमची.

मंगळवारी सकाळी टँकर येऊन गेला आणि मी तिसऱ्यांदा चुकले. ती गावात नव्हती, टँकरवाल्यानंच सगळ्यांना मेसेज टाकलेला. म्हणजे तिनं मला वगळलं असं आता म्हणता येईना. मी फोन पिशवीत घातला आणि रिक्षा धरून औरंगपुऱ्यात त्याच दुकानात गेले. तिच्या हातात देणार नव्हते, पण दुकानदाराच्या हातात द्यायला माझी हरकत नव्हती. तो पुरुषमाणूस, परका. त्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं.

"घंटी वाजत नाय यात," मी म्हटलं.

त्यानं ते हिरवं चित्र उघडलं. मग फोन थरथरायला लागला. थांबेचना. टंग टंग टंग. तो म्हणाला, "अम्मा, कितने दिन से सो रहा था ये? किसी बेटी के हैं, बोल के भेजे हैं. सुनाऊँ?" आणि माझं हो-नाही व्हायच्या आत त्यानं बोट लावलं.

सगळ्या दुकानात माझ्या लेकीचा आवाज.

"आई, फोन लागत नाही म्हणून बोलून पाठवतेय. डॉक्टर म्हणतात गर्भाची पिशवी काढावी लागेल. घाबरू नकोस. घराजवळच्याच दवाखान्यात, सोमवारी. तू ये ना."

तो बुधवारचा होता. त्यानं पुढचा लावला. तो शुक्रवारचा.

"आई, मावशींना म्हटलं होतं तुला फोन करायला सांगा. ऑपरेशनचं सांगू नका म्हटलं, ते मीच सांगेन, नाहीतर तू घाबरशील. तू फोन केला नाहीस. रागावलीस का माझ्यावर?"

मग रविवारचा. तो छोटा होता.

"राहू दे आई. नसेल जमत तर. मावशी येतायत."

दुकानदारानं फोन बंद करून काउंटरवर ठेवला. "अम्मा, बैठो," तो म्हणाला. मी बसले नाही. "सोमवार कधी झाला?" मी विचारलं. तो म्हणाला, "कल था अम्मा." मला माहीत होतं. तरी विचारलं.

तिथूनच लेकीला फोन लावला. बंद. मग तिथूनच स्टँडवर गेले. अंगावरच्या लुगड्यानिशी, हातात ती एक पिशवी. पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसले. नेवाशापर्यंत रानं नुसती करपलेली. मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, आणि ती गोष्ट लेकीचं दुखणं नव्हती, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. मी विचार करत होते की तिच्या उशाशी ती बसली असेल.

पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. दवाखाना मला माहीत होता. दुसऱ्या मजल्यावर चढले तर बाहेरच्या बाकावर तीच. पाठमोरी. पांढरी पट्टी कानाशी. कंपनीशी भांडत होती.

"नंबर माझा नाही, माझ्या शेजारणीचा आहे. हो. घरात रेंज नाही, इमारत झाल्यापासून. त्यामुळे काय झालंय ते तुला सांगू शकत नाही, पण झालंय... नाही गं, ग्राहक स्वतः बोलू शकत नाही. ग्राहक माझ्याशी बोलत नाही."

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिनं फोन खाली घेतला.

"बरी आहे," ती आधी म्हणाली. "काल नीट झालं. उद्या-परवा सोडतील."

"तोंड उघडून सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, एक नर्स बघायला लागली. "गुरुवारी आल्या. शनिवारी आल्या. फोन लावा, फोन लावा. अहो, काय जळतंय ते तरी सांगायचं!"

"तिनं सांगू नका म्हटलं होतं."

"माझं पोर मेलं असतं तर? तुमचा नियम घेऊन मी काय चाटला असता?"

ती मांडीवरच्या फोनची पट्टी नखानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "रविवारी सांगायलाच आले होते वहिनी. सगळं. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही कडी लावलीत."

मी तिच्याकडं बघितलं. दोन दिवसांची तीच साडी. केस विस्कटलेले. माझ्या जागेवर बसून माझं काम करून थकलेली. मला तिचा राग येत होता, तो कमी झाला नव्हता. उलट वाढला होता. मी तिचे आभार मानले नाहीत. पिशवीतून फोन काढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

"बघा काय झालंय ते," मी म्हटलं, आणि आत गेले.

लेक भिंतीकडं तोंड करून कुशीवर झोपली होती. केस नीट विंचरून दोन वेण्या घातलेल्या. शाळेत असताना मी घालायचे तशा नाही, वेगळ्या, सैल. हाताला सुई. मी खाटेजवळ जाऊन उभी राहिले. हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

चाहूल लागून ती डोळे न उघडताच म्हणाली, "मावशी, उशी जरा खाली घ्या ना."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशी नाय. आई हाय. नुसते दोन शब्द, आणि ती वळून माझ्याकडं बघणार होती. पण ती गुंगीत होती, चेहरा शांत होता, आणि मला माहीत नव्हतं की मला बघून तो तसाच राहील का.

मी उशी खाली घेतली.

"अजून थोडी," ती म्हणाली.

मी अजून थोडी घेतली.